जर्मनमधले इंग्रजी चकवे
कोल्हापुरात बसून जर्मन शिकताना ओळखीचा इंग्रजी शब्द दिसला की आधी थांबा. ‘बेकोमेन’ म्हणजे मिळणे. त्याला इंग्रजी ‘बिकम’ समजलात, तर ‘मला मिसळ मिळेल’चं ‘मी मिसळ होईन’ होतं. ‘वेर’ म्हणजे कोण आणि ‘वो’ म्हणजे कुठे. इंग्रजी ‘व्हेअर’ (कुठे) आणि ‘हू’ (कोण) यांच्यामुळे कानाला नेमकं उलटं वाटतं. ‘शेफ’ म्हणजे साहेब. ‘गिफ्ट’ म्हणजे चक्क विष! मूळ अर्थ मात्र ‘देणे’च, म्हणून ‘मिटगिफ्ट’ म्हणजे हुंडा. ही जोडी एकत्रच पाठ करा.

लिंगही बघा: पुल्लिंगी ‘देअर झे’ म्हणजे तळं, आपल्या रंकाळ्यासारखं, स्त्रीलिंगी ‘दी झे’ म्हणजे समुद्र. त्यामुळे वहीत नाम एकटं लिहू नका. आर्टिकल (नामाआधीचं ‘देअर’, ‘दी’), मराठी अर्थ आणि एक छोटं वाक्य, तिन्ही एकाच ओळीत हवीत.