टकिलाची तुलना करताना या चुका टाळा

घरी चार-पाच टकिला शेजारी शेजारी ठेवून चाखणाऱ्यांची तक्रार बहुधा सारखीच असते: फरक जाणवतो, पण तो कशामुळे पडतो हे सांगता येत नाही. दोष जिभेला दिला जातो, मात्र चूक बहुतेक वेळा बाटल्या निवडतानाच झालेली असते. बारमध्ये मिळणारी सर्वांत स्वस्त सोनेरी टकिला आणि तीन वर्षे ओकच्या पिंपात मुरलेली एक्स्ट्रा आन्येहो अशी जोडी लावली, की कच्चा माल, पीप, साखर आणि कारखाना हे सगळेच एकदम बदलते, आणि जे काही वेगळे लागेल त्याचे श्रेय किमतीच्या पदरात पडते.

बाटलीवर सर्वप्रथम पाहायचे ते ‘100 टक्के आगावे’ हे शब्द. ते नसतील, तर आतल्या मद्यासाठी किमान 51 टक्के साखर निळ्या आगावेची, म्हणजे आपल्या घायपाताच्याच कुळातील एका जातीची, वापरलेली असते आणि उरलेली उसाची किंवा मक्याचीही असू शकते. या प्रकाराला बोलीभाषेत मिक्स्टो म्हणतात. मिक्स्टो मार्गारिटासारख्या कॉकटेलमध्ये खपून जाते. पण शुद्ध आगावेच्या टकिलाशेजारी ती ठेवून शैलींची तुलना करण्यात अर्थ नाही. यातच रंगाचा घोळ होतो. ‘गोल्ड’ किंवा ‘ओरो’ लिहिलेल्या कित्येक बाटल्यांचा रंग पिंपातून न येता कॅरॅमलमधून आलेला असतो, तरीही त्या रेपोसादोच्या, म्हणजे काही महिने पिंपात मुरलेल्या टकिलाच्या, रांगेत जाऊन बसतात. उलट क्रिस्तालिनो पाण्यासारखी स्वच्छ दिसते म्हणून तिला ब्लांकोच्या, म्हणजे न मुरवलेल्या टकिलाच्या, रांगेत बसवले जाते. प्रत्यक्षात ती मुरवलेली टकिला असते आणि तिचा रंग कोळशाच्या गाळणीने काढून टाकलेला असतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे आन्येहोपासून सुरुवात करणे. रेपोसादो किमान दोन महिने, आन्येहो किमान एक वर्ष आणि एक्स्ट्रा आन्येहो किमान तीन वर्षे लाकडात राहते. जितका काळ जास्त, तितकी व्हॅनिला, दालचिनी आणि भाजक्या लाकडाची चव वर येते व आगावे मागे सरते. व्हिस्की आवडणाऱ्या माणसाला आन्येहो आवडली, तर त्याला बव्हंशी पीप आवडलेले असते. कारखान्याचे काम जोखायचे असेल, तर ब्लांको घ्यावी, कारण तिथे लपायला जागा नसते. आगावेचा गड्डा, ज्याला पिन्या म्हणतात, विटांच्या भट्टीत दीड-दोन दिवस सावकाश शिजला, की ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेच्या बंद टाकीत, काही तासांत झटपट शिजला, की डिफ्यूजरमध्ये गरम पाण्याच्या माऱ्याने त्यातील साखर ओढून काढली, हा फरक ब्लांकोत सर्वांत स्पष्ट कळतो. पहिल्यात रताळे भाजल्यासारखा जड गोडवा असतो. तिसऱ्यात तो पुष्कळदा विरळ लागतो आणि मिरीचा झणका तेवढा उरतो.

लोक मात्र या गोष्टीऐवजी ‘डोंगराळ भागातील’ आणि ‘खोऱ्यातील’ या भेदावर हिरिरीने बोलतात. मेक्सिकोच्या हालिस्को राज्यातील डोंगराळ आरांदास परिसरातील लाल मातीत वाढलेले आगावे गोडसर, फळांच्या अंगाचे, तर टकिला गावाभोवतीच्या खोऱ्यातील आगावे मातकट आणि तिखट, हा ठोकताळा अगदीच खोटा नाही. पण कारखाना एका भागात आणि आगावे दुसऱ्या भागातून आणलेले, असेही सर्रास चालते. त्यापेक्षा लेबलावरील चार अंकी ‘नॉम’ क्रमांक पाहावा. तो टकिला कोणत्या कारखान्यात तयार झाली ते सांगतो. दोन निरनिराळ्या दिमाखदार बाटल्यांवर एकच क्रमांक निघाला, तर त्या एकाच छपराखाली तयार झाल्या आहेत. याचा उपयोग उलट्या बाजूनेही होतो: तापातिओ आणि एल तेसोरो या दोन्ही नॉम 1139 च्या, पण एल तेसोरोसाठी शिजलेले आगावे ताओना नावाच्या दगडी चाकाखाली चिरडतात. अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांनी या दोघींच्या ब्लांको शेजारी ठेवून पाहाव्यात.

किमतीबद्दल भारतातील वाचकांनी वेगळी सावधगिरी बाळगावी. आयात मद्यावरील सीमाशुल्क वर्षानुवर्षे 150 टक्क्यांच्या घरात राहिले आहे, त्यावर राज्याचे कर चढतात, आणि जाहिरातीचा व जाड काचेच्या बाटलीचा खर्च वेगळाच. मुंबईच्या दुकानातील दोन बाटल्यांमधील फरकात चवीचा वाटा किती, हे त्या आकड्यावरून कळणार नाही.

महागड्या बाटलीत आइसक्रीमसारखा गोडवा लागला, तर तो पिंपाचाच असेल असे धरून चालू नये. मुरवलेल्या टकिलात, ती 100 टक्के आगावेची असली तरी, कॅरॅमल, ओकचा अर्क, ग्लिसरीन आणि साखरेचा पाक हे वजनाच्या एक टक्क्यापर्यंत लेबलावर न सांगता घालण्याची मुभा आहे. दोन-तीन थेंब तळहातावर चोळून अल्कोहोल उडू द्यावे आणि मग हुंगावे: शिजलेल्या आगावेचा वास राहिला तर ठीक, केकच्या क्रीमचा वास आणि चिकटपणा राहिला तर शंका घ्यावी. हा पुरावा नव्हे, सुगावा आहे.

‘नुसते स्पिरिट नाकात जाते’ ही अडचण पेल्याची आणि तापमानाची असते. शॉटच्या पेल्यात वास साठतच नाही. वर निमुळता होणारा, पुरेसा उंच पेला घ्यावा, नाक आत न खुपसता काठाशी धरावे आणि तोंड किंचित उघडे ठेवून हुंगावे. परदेशी लेखांतील ‘खोलीच्या तापमानाला’ हा सल्ला थंड देशांतला आहे; मे महिन्यात नागपुरात तो पाळला, तर अल्कोहोलच आधी नाकाला झोंबेल. बाटली थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवून वीस अंशांच्या आसपास आणावी. बर्फ मात्र नको, कारण फार गार झाल्यावर वास मिटतो. मीठ-लिंबाबद्दल वेगळे सांगायला नको. मसाला शेंगदाणे आणि तिखट शेवही त्या तासापुरती दूर ठेवावी, साधा पाव आणि पाणी पुरते.

चौथ्या पेल्यापासून सगळे सारखेच लागत असेल, तर माप कमी करावे. एका पेल्यात 15 मिलिलिटर पुष्कळ झाले, आणि एका बैठकीत चारपेक्षा जास्त टकिला घेऊ नयेत. पहिला घोट जीभ सरावण्यासाठी असतो, त्यावरून मत बनवू नये. ओतण्याचे काम दुसऱ्याला द्यावे, पेल्यांवर केवळ अक्षरे लिहावीत आणि एकच टकिला गुपचूप दोन पेल्यांत घालायला सांगावी. त्या दोन पेल्यांना तुम्ही फार वेगवेगळे गुण दिलेत, तर त्या दिवशीचे बाकीचे गुणही बाद समजावेत.

दख्खनच्या पठारावरील घायपातापासून बनलेल्या डेस्मंडजी किंवा माया पिस्तोला यांसारख्या भारतीय मद्यांना याच रांगेत उभे करण्याचा मोह अनेकांना होतो. त्यांतील वनस्पतीची जात वेगळी आहे, आणि टकिला हे नाव मेक्सिकोतील ठरावीक पाच राज्यांपुरते राखीव आहे. म्हणून ‘टकिलासारखी किती’ असे गुण त्यांना देऊ नयेत. त्यांच्यासाठी वेगळी बैठक भरवावी आणि तिथेही सुरुवात न मुरवलेल्या बाटल्यांपासून करावी.