कॉलेजच्या वार्षिक अंकाला कविता, लेख, चित्रं कशी द्यायची

दिवाळीची सुट्टी संपली की नोटीस बोर्डावर एक कागद लागतो, "वार्षिक अंकासाठी साहित्य द्यावे", आणि शेजारीच परीक्षा फॉर्मची नोटीस असते म्हणून तो कागद कुणी नीट वाचतच नाही. मी जळगाव जिल्ह्यातल्या एका कॉलेजात दोन वर्षं विद्यार्थी संपादक होते, आलेले सगळे कागद वाचायचे काम माझ्याकडे होतं, त्यामुळे चांगलं लिहिणारी पोरं नुसत्या बारीकसारीक चुकांमुळे कशी मागे राहतात हे मी जवळून बघितलंय, आणि अजूनही त्याचं वाईट वाटतं.

आधी नोटीस पूर्ण वाचा. शेवटची तारीख, कुठल्या सरांकडे किंवा मॅडमकडे द्यायचं, शब्दांची मर्यादा, कुठले विभाग आहेत. बऱ्याच अंकांत मराठी, हिंदी, इंग्रजी असे विभाग असतात, काही ठिकाणी बोलीभाषेचा वेगळा असतो, आणि नसला तरी मराठी विभागाच्या मॅडमना जाऊन विचारा, आमच्याकडे विचारल्यामुळेच तो सुरू झाला होता. आणि शेवटच्या दिवशी देऊ नका, आठ दिवस आधी दिलं तर मॅडम वाचून "हे कडवं परत बघ" असं सांगू शकतात, शेवटच्या दिवशी फक्त गठ्ठा बांधला जातो.

आता काय लिहायचं. आमच्याकडे सगळ्यात जास्त यायच्या आई, मैत्री आणि पाऊस यांच्यावरच्या कविता, आणि त्यातल्या कित्येक व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या, एकच कविता तीन वेगवेगळ्या अक्षरांत आलेली मी बघितलीय. असं करू नका, दुसऱ्याचं लिहिलेलं आपल्या नावावर देणं ही चोरीच आहे, आणि साहित्यासोबत "हे साहित्य स्वरचित आहे" असं लिहून त्यावर सही घेतात तेव्हा ती जबाबदारी तुमची असते. त्यापेक्षा तुम्ही जे रोज बघता ते लिहा. रावेर-यावलकडे केळीचा घड कापताना चीक अंगावर पडला की त्याचा डाग कपड्यावरून जात नाही, हे जिच्या घरी बाग आहे तिलाच माहीत. कापूस वेचताना बोंडाचं टोक नखाजवळ टोचतं, सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याचे दात बघून वय सांगतात, या गोष्टी दुसरं कुणी लिहिणार नाही.

आणि घरातल्या आजीला विचारा. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, त्यांच्या ओव्या मुलगा सोपानदेव यांनी कागदावर उतरवून घेतल्या, पुस्तक निघालं १९५२ ला, म्हणजे त्या गेल्यानंतरच्या वर्षी, आणि आज आपलं जळगावचं विद्यापीठ त्यांच्याच नावाने आहे. तुमच्या आजीला जात्यावरच्या ओव्या, कानबाई देवीची गाणी येत असतील तर मोबाइलवर रेकॉर्ड करा, मग ऐकून जशीच्या तशी लिहा आणि खाली स्पष्ट टाका, "सांगणार: आजीचं नाव, गाव. लिहून घेणार: तुमचं नाव". ते संकलन म्हणून द्यायचं, स्वतःची कविता म्हणून नाही. माझ्या मते अशा दोन पानांना दहा कवितांपेक्षा जास्त किंमत आहे.

बोलीत लिहिलं असेल तर एक काम नक्की करा. आमच्या एका ज्युनिअरने अहिराणीत कविता दिली होती, "मनी माय वावरमा गयी" अशी सुरुवात, पुढे वावरमा, घरमा, बांधवरना असे शब्द, आणि डीटीपी (कॉम्प्युटरवर टायपिंग आणि पानांची मांडणी) करणाऱ्याने चुकीचं समजून चांगल्या मनाने "वावरमा" चं "वावरात" केलं, बाकीचं तसंच राहिलं, आणि अंक छापून आला तेव्हा ती लायब्ररीत उभी राहून तेच पान परत परत वाचत होती. मला प्रूफ, म्हणजे छापण्याआधीची प्रत, तपासायला पाहिजे होतं, मी तपासलं नव्हतं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, पहिल्या पानावर वर लाल पेनाने लिहा, "अहिराणी आहे, शब्द बदलू नयेत" (किंवा तावडी, लेवा, पावरी, भिली जे असेल ते), अवघड शब्दांचे अर्थ शेवटी द्या आणि प्रूफ दाखवा म्हणून मॅडमच्या मागे लागा.

हाताने लिहून देताना फुलस्केप कागदाच्या एकाच बाजूला, समास सोडून, कडवी वेगळी दिसतील अशी लिहा. नाव, वर्ग, रोल नंबर, मोबाइल प्रत्येक पानावर, कारण पानं सुटी होतात. स्वतःजवळ झेरॉक्स ठेवा. टाइप करणार असाल तर मोबाइलवर युनिकोडमध्येच करा, कॅफेतल्या जुन्या फाँटमध्ये केलेली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर नुसती विचित्र अक्षरं दाखवते. वर्ड फाइलसोबत पीडीएफही द्या, म्हणजे जोडाक्षर फुटलं तर मूळ काय होतं ते कळतं.

चित्रांचं थोडं वेगळं असतं. आतली पानं बहुतेक काळी-पांढरी छापतात, त्यामुळे पेन्सिलची हलकी शेडिंग छपाईत फिकट होऊन जाते, काळ्या शाईने ठळक रेषांत काढा. मुखपृष्ठासाठी रंगीत. कागदाची घडी घालू नका. शक्य असेल तर ३०० डीपीआयला स्कॅन करून घ्या, ए४ ला ती साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेल होते. आणि व्हॉट्सअॅपवर पाठवायचं तर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते लहान होतं आणि छापल्यावर धूसर दिसतं, हे तर खूपच जणांचं झालं.

फोटोला भारी कॅमेरा लागतो असं नाही. चाळीसगावचे फोटोग्राफर केकी मूस घराबाहेर क्वचितच पडायचे, टेबलावर साध्या वस्तू मांडून त्यांनी अख्खे देखावे उभे केले आणि त्यांचे फोटो काढले. माणसाचा फोटो असेल तर त्या माणसाला विचारून घ्या, गुगलवरून घेतलेला कुठलाच फोटो देऊ नका.

निवड झाली नाही तर मॅडमना जाऊन कारण विचारा, बऱ्याचदा जागा नसते एवढंच असतं. छापून आलं तरी कॉपीराइट तुमचाच राहतो, १९५७ च्या कायद्यानुसार तो लेखी दिल्याशिवाय दुसऱ्याकडे जात नाही. मात्र बरेच दिवाळी अंक आधी न छापलेलंच मागतात, म्हणून एखादी कविता तिकडे पाठवायची असेल तर ती कॉलेजच्या अंकाला देऊ नका, दुसरी द्या.

अंक निघायला कधी कधी पुढचं वर्ष उजाडतं आणि तोवर तुम्ही टी.वाय. होऊन बाहेर पडलेले असता, म्हणून जाताना लायब्ररीत नाव आणि नंबर देऊन ठेवा. दोन प्रती मागा. एक तुमची, आणि ओव्या दिल्या असतील तर दुसरी आजीची, तिला तिचं नाव छापलेलं पान बोट ठेवून दाखवा आणि ओवी मोठ्याने वाचून दाखवा, काही चुकलं असेल तर ती लगेच सांगेल.