टाचांच्या भेगांसाठी कोकमतेल असं लावा

थंडी पडली की टाचा फुटतात, रात्री पांघरुणाचा धागाही भेगेत अडकतो. कोकमतेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं भिरंडेल, यावर उत्तम. पण त्याचा पांढरट गोळा दगडासारखा घट्ट. तसाच घासला तर टाच दुखते आणि तेल भेगेत उतरत नाही. मी बरीच वर्षं तसाच घासत होते.

१. पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, वजरीने हलकं घासा.
२. तोवर सुरीने गोळ्याचा चमचाभर चुरा खरवडून वाटीत घ्या, थोडं खोबरेल घाला आणि वाटी कडकडीत पाण्याच्या भांड्यात ठेवा. चुरा लगेच विरघळतो. गॅसवर ठेवू नका.
३. पाय टिपा, पण अगदी कोरडे करू नका. ओलसरपणा राहिला तरच फायदा.
४. तेल सोसवेल इतपत कोमट झालं की बोटाने भेगांत भरा, वर जुने सुती मोजे घाला आणि झोपा.

उरलेलं वाटीतच थिजू द्या, उद्या पुन्हा गरम पाण्यात ठेवलं की झालं. सलग आठवडाभर तरी करा. चेहऱ्याला रोज वेळ देतो, दिवसभर आपला भार वाहणाऱ्या टाचांनाही द्यायला हवा.

मधुमेह असेल किंवा भेगेतून रक्त येत असेल तर वजरी लावू नका, आधी डॉक्टरांना पाय दाखवा.