आमदाराकडून विधानसभेत प्रश्न लावून घ्यायचाय? मग कागद आपणच तयार करा

आपल्याकडे काम अडलं की आपण आमदाराच्या ऑफिसला जातो, निवेदन देतो, फोटो काढतो आणि परत येतो. निवेदनाची पोच मिळते, उत्तर मिळेलच असं नाही. पण तोच विषय विधानसभेत प्रश्न म्हणून लागला तर खात्याच्या मंत्र्याला छापील उत्तर द्यावं लागतं, आणि ते उत्तर चुकीचं निघालं तर हक्कभंगापर्यंत जाऊ शकतं. मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकपणे जबाबदार आहे असं राज्यघटनेच्या कलम १६४ मध्ये लिहिलंय, आणि ही जबाबदारी रोजच्या रोज वसूल करायचं सगळ्यात साधं हत्यार म्हणजे प्रश्न. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण आमच्या तापीकाठच्या गावात आम्ही हे दोनदा केलंय, पहिल्यांदा फसलं, दुसऱ्यांदा जमलं.

आधी प्रकार समजून घ्या. तारांकित प्रश्न म्हणजे ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात उभं राहून देतात आणि त्यावर लगेच उपप्रश्न विचारता येतात. अतारांकितचं उत्तर फक्त लेखी येतं. लक्षवेधी सूचना तातडीच्या विषयाला, म्हणजे समजा रावेर-यावल पट्ट्यात वादळाने केळी आडवी झाली आणि पंचनामे होत नाहीयेत, तर तिथे महिना-दीड महिना आधी दिलेला प्रश्न काय कामाचा, तिथे लक्षवेधीच. औचित्याचा मुद्दा मांडून विषय रेकॉर्डवर येतो, पण तिथल्या तिथे उत्तर मिळेल याची खात्री नसते. आणि प्रश्नाच्या उत्तराने समाधान झालं नाही तर त्यावर अर्धा तास चर्चा मागता येते. बाकी आयुधं अजून आहेत पण गावच्या कामाला एवढी पुष्कळ झाली.

आता पहिली चूक जिथे होते ती सांगतो, विषय कुणाचा आहे हेच बघितलेलं नसतं. धुळ्यावरून जाणारी मनमाड-इंदूर रेल्वे असो की जळगाव-धुळे-नवापूर हायवेवरचे खड्डे, हे केंद्राचे विषय, त्याला आमदार काय करेल, तिथे खासदार पाहिजे. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात, नोटीस किमान १५ दिवस आधी द्यावी लागते, आणि तारांकितमध्ये कुणाचा नंबर लागेल ते बॅलटवर, म्हणजे सोडतीवर ठरतं. राज्य मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम, जिल्हा परिषदेचा रस्ता असेल तर ग्रामविकास, धडगाव-अक्कलकुव्यातली आश्रमशाळा असेल तर आदिवासी विकास, नळ योजना रखडली असेल तर पाणीपुरवठा, पाडळसरे धरणाचा विषय असेल तर जलसंपदा. चुकीच्या खात्याला गेलेला प्रश्न इकडून तिकडे फिरतो आणि तोपर्यंत अधिवेशन संपून जातं.

दुसरी गोष्ट, आपला आमदार मंत्री असेल तर तो प्रश्न विचारू शकत नाही, तो उत्तर देणाऱ्या बाजूला बसलेला असतो. खान्देशात ही अडचण बऱ्याचदा येते. मग काय करायचं, तर शेजारच्या तालुक्याच्या आमदाराकडे जायचं, नियमात कुठेही असं नाही की फक्त स्वतःच्या मतदारसंघाचाच प्रश्न विचारता येतो. जळगावचे ११, धुळ्याचे ५, नंदुरबारचे ४ असे २० आमदार आहेत आपले. शिवाय विधान परिषद आहेच, नाशिक विभागाच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघात आपले तिन्ही जिल्हे येतात, त्यामुळे त्या आमदारांकडेही आपला तेवढाच हक्क आहे. एकाच विषयावर दोन-चार आमदारांनी प्रश्न दिले तर बऱ्याचदा ते एकत्र करून सगळ्यांची नावं एका प्रश्नावर येतात, आणि त्याने वजन वाढतं. आणि सत्ताधारी पक्षाचा आमदार प्रश्न विचारणार नाही असं मनात धरून बसू नका, ते पण विचारतात, भरपूर विचारतात.

आता मसुदा. इथेच सगळा खेळ आहे म्हणून इथे जरा सविस्तर सांगतो.

आमच्या गावात आरोग्य उपकेंद्राची इमारत होती, नर्सबाई नव्हती. बाळंतपणासाठी बायकांना रात्री-बेरात्री रिक्षाने तालुक्याला न्यावं लागायचं. आम्ही पहिल्यांदा जो मसुदा लिहून दिला त्यात "प्रशासनाच्या भोंगळ कारभारामुळे गेल्या अनेक वर्षांपासून उपकेंद्र बंद आहे" असं होतं. पीए भाऊने "भोंगळ कारभार" तिथेच खोडलं, म्हणाला आरोप, टोमणे, विशेषणं, मतं असलं काही नियमात बसत नाही. बाकी प्रश्न तसाच गेला. उत्तर काय आलं तर "(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही." आम्ही हादरलोच, अख्खं गाव बघतंय कुलूप आणि मंत्री म्हणताहेत खरं नाही. मग शांतपणे बसून बघितलं तर कळलं की आठवड्यातून एक दिवस लसीकरणाला दुसऱ्या गावची नर्स येऊन कुलूप उघडायची, रजिस्टरवर नोंद व्हायची. म्हणजे "बंद आहे" हे शब्दशः खरं नव्हतंच. आमच्याच एका शब्दाने त्यांना सुटका मिळाली.

विधानसभेच्या प्रश्नाची रचना ठरलेली असते. पहिल्या भागात वस्तुस्थिती आणि शेवटी "हे खरे आहे काय". पुढचे भाग "असल्यास" ने आणि शेवटचा बहुतेक "नसल्यास" ने सुरू होतो. त्यामुळे पहिल्या भागाला "नाही" आलं की खालचे सगळे भाग आपोआप मेले. म्हणून पहिल्या भागात फक्त तेवढंच लिहायचं जेवढ्याचा कागद आपल्या हातात आहे, एक शब्द जास्त नाही. दुसऱ्या वेळी आम्ही असं लिहिलं:

"(१) मौजे अमुक, ता. तमुक येथील आरोग्य उपकेंद्रातील आरोग्यसेविकेचे मंजूर पद रिक्त असून सदर उपकेंद्र आठवड्यातून केवळ एक दिवस उघडण्यात येत असल्याचे माहे ऑक्टोबरमध्ये वा त्यादरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय,
(२) असल्यास, सदर पद कोणत्या दिनांकापासून रिक्त आहे,
(३) असल्यास, याप्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, त्यानुसार पद भरण्याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे,
(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

"वा त्यादरम्यान" हे दोन शब्द मुद्दाम आहेत, नाहीतर तारीख चार दिवस मागे-पुढे झाली तरी "खरे नाही" म्हणायला जागा मिळते. "मंजूर पद" हे पण मुद्दाम, कारण पदच मंजूर नसेल तर रिक्त कसं म्हणणार. आणि प्रश्न एकाच विषयाचा ठेवा. उपकेंद्रासोबत रस्ता, रस्त्यासोबत शाळेची खोली असं घातलं की प्रश्न तरी नाकारला जातो नाहीतर उत्तर गोलगोल येतं. कोर्टात चालू असलेल्या प्रकरणावर, किंवा एखाद्याच्या खाजगी वागण्यावर विचारायला जाऊ नका, वेळ वाया जातो.

हे कागद आणायचे कुठून, तर माहिती अधिकारातून. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज, आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, आणि ३० दिवसात माहिती द्यायची असते. आम्ही मंजूर पदांची यादी आणि उपकेंद्राच्या रजिस्टरची प्रत एवढंच मागितलं. या ३० दिवसांचा हिशोब धरून चाला, कारण प्रश्न पाठवायची मुदत अधिवेशनाच्या बरीच आधी संपते. साधारण मार्चचं अर्थसंकल्पी आणि जून-जुलैचं पावसाळी मुंबईला, डिसेंबरचं हिवाळी नागपूरला. म्हणजे डिसेंबरला प्रश्न लागावा असं वाटत असेल तर गणपती उठले की कामाला लागा, दिवाळीनंतर गेलात तर उशीर झालेला असतो.

आमदाराकडे जाताना पाच पानी निवेदन नेऊ नका. एक पान मसुदा, त्याला जोडून कागदांच्या झेरॉक्स, आणि मसुद्याची टाईप केलेली फाईल पीएच्या व्हॉट्सॲपवर. खरं सांगतो, पीए हा या सगळ्यातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस आहे. त्याच्याकडे शंभर विषय असतात, ज्याचा मसुदा तयार असतो त्याचा प्रश्न पहिले जातो. आठ दिवसांनी विचारा की भाऊ, गेला का, नंबर काय पडला. तो क्रमांक लिहून ठेवा.

आणि एक गोष्ट स्पष्ट लिहितो, प्रश्न लावून देतो म्हणून कुणी मधला माणूस पैसे मागत असेल तर तिथूनच उठा. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात डिसेंबर २००५ मध्ये ११ खासदारांचं सदस्यत्व गेलं, लोकसभेचे १० आणि राज्यसभेचे १, आणि त्या दहातले दोन मतदारसंघ आपले होते, जळगाव आणि एरंडोल. हे आपल्या भागाने विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न स्वीकारला गेला की पुढे काय होतं ते आपल्याला दिसत नाही पण होतं भरपूर. विधिमंडळ सचिवालयातून प्रश्न मंत्रालयातल्या खात्याकडे, तिथून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला. "अधिवेशन, अति तातडीचे" असं लिहिलेलं पत्र येतं आणि ज्या साहेबाने वर्षभर आपला फोन उचलला नाही तो स्वतः गावात येतो. आमच्याकडे तालुका आरोग्य अधिकारी आले, उपकेंद्राचे फोटो काढले, रजिस्टर बघितलं. तेव्हा गावातले चार लोक हजर ठेवा, भांडायला नाही, खरी स्थिती दाखवायला. कारण तिथे जो अहवाल लिहिला जातो त्यावरूनच मंत्र्याचं उत्तर तयार होतं.

सगळेच तारांकित प्रश्न सभागृहात पुकारले जात नाहीत, प्रश्नोत्तराचा तास संपतो, गोंधळात कामकाज बंद पडतं. त्याने नाराज होऊ नका, लेखी उत्तर येतंच. पण पुकारला गेला तर उपप्रश्नात खरी कसोटी लागते, म्हणून आमदाराला आदल्या दिवशी तीन ओळींची चिठ्ठी पाठवा. पद किती तारखेपासून रिक्त, जवळचं ग्रामीण रुग्णालय किती किलोमीटर, आणि किती दिवसांत भरणार. तिसरा प्रश्न नेहमी तारखेचा ठेवा. १९५७ मध्ये लोकसभेत आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडांच्या कंपन्यांत गुंतवलेल्या पैशावर प्रश्न आला, खासदार फिरोज गांधींनी तो विषय आकड्यांनिशी लावून धरला, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना राजीनामा द्यावा लागला. आकडे हातात असलेल्या सदस्यासमोर मंत्री कितीही मोठा असला तरी त्याला सरळ बोलावं लागतं.

उत्तर आलं की ते नीट वाचायला शिका. "अंशतः खरे आहे" म्हणजे कबुली आहे, ती धरून पुढे जायचं. "कार्यवाही सुरू आहे" याने काहीच बांधलं जात नाही. पण मंत्री सभागृहात म्हणाले की दोन महिन्यांत पद भरण्यात येईल, तर ते आश्वासन झालं, आणि आश्वासनं पाळली गेली की नाही हे बघायला विधिमंडळाची वेगळी आश्वासन समिती असते. लोकसभेत तर आश्वासन पूर्ण करायला तीन महिन्यांची मुदत धरलेली आहे. तारीख उलटून गेली तर आमदाराला सांगून समितीकडे पत्र द्यायला लावा, नाहीतर पुढच्या अधिवेशनात त्याच उत्तराचा क्रमांक टाकून नवा प्रश्न.

आमच्या दुसऱ्या प्रश्नाला पहिल्या भागाचं उत्तर आलं "हे खरे आहे", आणि तिसऱ्या भागात पद भरण्याची प्रक्रिया चालू असून तोपर्यंत शेजारच्या उपकेंद्राच्या आरोग्यसेविकेला आठवड्यातून तीन दिवस नेमल्याचं लिहिलं होतं. त्या पानाच्या झेरॉक्स काढून आम्ही उपकेंद्राच्या दारावर, ग्रामपंचायतीत आणि पारावर चिकटवल्या, २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ते मोठ्याने वाचलं आणि इतिवृत्तात नोंद घ्यायला लावली. आता सोमवार, बुधवार, शुक्रवार कुलूप उघडतं का याची वही गावातल्या दोन मुली ठेवतात, वेळेसकट, कारण कायमची नर्स अजून यायची आहे आणि तिसऱ्या प्रश्नाचा पहिला भाग त्याच वहीतून लिहायचा आहे.