मूत्रपिंडाला रक्त परत मिळाल्यानंतरच्या या चुका टाळा

रक्तदाब वर आला म्हणजे मूत्रपिंडे वाचली, ही समजूत अतिदक्षता विभागातील प्रत्येक नव्या तुकडीकडून मला खोडून घ्यावी लागते. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जात असला, तरी त्यांचा आतला गाभा एरवीही जेमतेम प्राणवायूवर चालतो. त्यामुळे रक्त अडले की तेथील नलिकांच्या पेशी लवकर मरू लागतात आणि रक्त परतताच प्राणवायूपासून बनणारे घातक रेणू व दाह मिळून उरलेल्या पेशींनाही इजा करतात.

काही वर्षांपूर्वी गोव्यातील सांग्याकडचा एक पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, माडावरून पडून, प्लीहा फाटलेल्या अवस्थेत आमच्याकडे आला. शस्त्रक्रिया झाली, रक्त चढवले, आणि पहाटे क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे गाळून टाकतात तो रक्तातील टाकाऊ घटक, १.१ असा सामान्य आल्याने सगळे निश्चिंत झाले. लघवी मात्र तासाला १५ मिलिलिटरच होत होती. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारे औषध टोचले, पिशवीत ३०० मिलिलिटर जमले आणि केसपेपरवर ‘सुधारणा’ असा शेरा पडला. नाडी १२० का आहे, हे कोणी विचारले नाही. शरीरात मुळात कमी असलेले पाणी आम्हीच बाहेर काढले होते. चौथ्या दिवशी क्रिएटिनिन ४.८ झाले आणि डायलिसिस लावावे लागले.

क्रिएटिनिन इजेच्या एक-दोन दिवस मागे चालते. मूत्रपिंडविकारांवर मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१२च्या निकषांनुसार सलग ६ तास किलोमागे तासाला ०.५ मिलिलिटरहून कमी लघवी झाली, तरी इजा धरावी लागते. म्हणून लघवीच्या नोंदींचा तक्ता मी परिचारिकेवर न सोडता स्वतः वाचतो. फ्युरोसेमाइड साठलेले पाणी काढण्यासाठी आहे, मूत्रपिंड वाचवण्यासाठी नाही. त्याला हात लावण्याआधी शरीरात पाणी कमी आहे की जास्त हे कळावे म्हणून मी सोनोग्राफीने हृदय आणि त्याकडे रक्त आणणारी महाशीर पाहतो. यात पाच मिनिटे जातात, पण घाईच्या डॉक्टरांना तीही जड वाटतात.

याउलट, लघवी होत नाही म्हणून सलाईन ओतत राहिल्यास शिरांतील दाब वाढून मूत्रपिंडाचा रक्तप्रवाह आणखी मंदावतो. मूत्रपिंड वाचवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या कमी मात्रेतील डोपामिन या औषधाचा उपयोग नसल्याचे २००० साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील चाचणीत दिसले, तरी ते सुचवणारा कोणीतरी दरवर्षी भेटतोच. गावच्या दवाखान्यात मूत्रपिंडाला अपाय करू शकणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचे इंजेक्शन दिले होते का, हे नातेवाइकांना न विचारणे ही आणखी एक चूक.

घरी जाणाऱ्याच्या कागदावर तीन महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने तपासण्याची तारीख मी स्वतः घालतो. पाडेली त्या दिवशी आला नाही. फोन केला तेव्हा तो पुन्हा माडावर चढू लागल्याचे कळले.