घरात रानातलं कासव आहे? मग या चुका टाळा

पावसाळ्यात ओढ्यात, शेततळ्यात सापडलेलं कासव मुलांच्या हौसेखातर घरी येतं आणि बाथरूमच्या टबात राहतं. पाठीवर चांदणीसारखी नक्षी असलेलं स्टार कासव मात्र बहुतेक वेळा 'वास्तूला चांगलं' म्हणून गुपचूप विकत घेतलेलं असतं. 'सगळेच पाळतात' ही समजूत इथे कामाची नाही. आपल्या तळ्याविहिरींतलं मऊ पाठीचं कासव आणि स्टार कासव, दोन्ही वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहेत. ती घरात ठेवल्याचा गुन्हा सिद्ध झाला तर किमान ३ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. दुकानदाराने पावती दिली म्हणून सुटका होत नाही.

पाठ मऊ पडली, पाय वाकडे झाले, की लोक कॅल्शियमची पावडर आणतात. पण उन्हातले अतिनील-ब (UVB) किरण अंगावर पडल्याशिवाय शरीरात ड-३ जीवनसत्त्व नीट तयार होत नाही, आणि त्याशिवाय पोटातलं कॅल्शियम हाडांपर्यंत पोचत नाही. खिडकीतून येणारं ऊन त्यासाठी निरुपयोगी, कारण हे किरण काचेतच अडतात. (मऊ पाठीच्या कासवाची पाठ कडेला मुळातच लवचिक असते. तिथे घाबरू नका.) डोळे सुजून बंद झाले तर आधी जीवनसत्त्व अ कमी पडतंय का, ते तपासावं लागतं. माणसांच्या डोळ्यांचे थेंब घालत बसू नका. कासव पाण्यात एका अंगाला कलून तरंगत असेल, नाकातून बुडबुडे येत असतील, तर बहुधा फुफ्फुसाला संसर्ग झालाय. त्याला खोल पाण्यातून लगेच काढा आणि वन्यप्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे न्या. पोळी, भात, दूध यांतलं काहीही देऊ नका.

कासव हाताळल्यावर साबणाने हात धुवा. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही जुलाब-ताप आणणारे साल्मोनेला जिवाणू असू शकतात. मुलांना त्याची लागण होते म्हणून अमेरिकेने १९७५ मध्ये ४ इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली.

सगळ्यात वाईट चूक मात्र चांगल्या मनाने होते. कंटाळा आला किंवा भीती वाटली, की कासव देवळाच्या तळ्यात सोडून यायचं. स्टार कासव जमिनीवरचं आहे, त्याला पोहता येत नाही. पुण्य म्हणून सोडलेलं ते कासव बुडून मरतं. मूळच्या अमेरिकेतल्या लाल कानाच्या कासवाचं उलट होतं: ते तळ्यात मजेत जगतं आणि आपल्या कासवांचं अन्न, उन्हाच्या जागा बळकावतं. शिवाय टबात जडलेला रोग तळ्यात जातो, तो वेगळाच.

म्हणून स्वतः सोडू नका, वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करा. 'केस होईल' या भीतीने लोक महिनोन्महिने गप्प बसतात. माझ्या मते कुणी तक्रार करण्याआधी आपणच कळवलेलं केव्हाही बरं. तोवर कासव भोकं पाडलेल्या खोक्यात, सावलीत ठेवा. पाण्यातलं असेल तर खाली ओलं फडकं घाला. आणि ते सापडलं ते गाव, ओढा, महिना नीट आठवून लिहून द्या. त्याला परत नेमकं कुठे सोडायचं, हे ठरवताना वनविभागाला त्याचाच उपयोग होतो.