आंतरराष्ट्रीय स्पर्धेतील पुरुषांची स्प्रिंट शर्यत : या चुका टाळा

२०११ साली देगू येथे झालेल्या जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेत पुरुषांच्या १०० मीटरच्या अंतिम शर्यतीत विश्वविक्रमवीर युसेन बोल्ट इशारा होण्याआधीच ब्लॉकमधून (आरंभरेषेमागील पाय टेकण्याच्या आधारातून) निघाला आणि बाद झाला. सुवर्णपदक त्याचाच देशबंधू योहान ब्लेक याला ९.९२ सेकंदांत मिळाले. पुढे २०२५ च्या टोकियोतील जागतिक स्पर्धेत, पुन्हा १०० मीटरच्याच अंतिम शर्यतीत, बोत्सवानाचा लेत्सिले तेबोगो याच कारणाने बाद ठरला. दोघेही पदकाचा वेग बाळगून असलेले धावपटू होते. मोठ्या स्पर्धांचे निकाल बारकाईने पाहत गेल्यास असे आढळते, की स्प्रिंटमधील टाळता येण्याजोगे बहुतेक पराभव कुठलीतरी गोष्ट तिच्या वेळेआधी केल्यामुळे होतात, मग ते इशाऱ्याआधी निघणे असो, मान लवकर वर काढणे असो, प्राथमिक फेरीत लवकर सैल पडणे असो किंवा रिलेत बॅटन (हातोहात द्यायची नळी) घेणाऱ्याने लवकर पळत सुटणे असो. अशा चुका नेमक्या कशामुळे होतात आणि सरावात त्या कशा दुरुस्त करता येतात, हे आंतरराष्ट्रीय पातळीची तयारी करणाऱ्या धावपटूंसाठी आणि त्यांच्या प्रशिक्षकांसाठी येथे मांडले आहे.

इशाऱ्याचा अंदाज बांधणे

२०१० पासूनचा नियम स्पष्ट आहे : पहिल्याच फॉल्स स्टार्टला, म्हणजे इशाऱ्याआधी निघण्याला, धावपटू बाद होतो. २००३ पूर्वी प्रत्येकाला एक चूक माफ असे, त्यानंतरची काही वर्षे पहिली चूक साऱ्या शर्यतीच्या नावावर जमा होई आणि दुसरी चूक करणारा बाहेर जाई. आता ती सवलत उरलेली नाही. ब्लॉकमधील संवेदक धावपटूच्या पायांचा दाब मोजतात आणि इशाऱ्यानंतर ०.१०० सेकंदांच्या आत प्रतिसाद नोंदला गेला, तर तो इशारा ऐकून दिलेला प्रतिसाद मानला जात नाही. २०२२ च्या यूजीन येथील जागतिक स्पर्धेत ११० मीटर अडथळ्यांच्या अंतिम शर्यतीत अमेरिकेचा डेव्हन ॲलन ०.०९९ या नोंदीमुळे, म्हणजे सेकंदाच्या एक हजारांश भागाने, बाद झाला. हा नियम कठोर वाटणे स्वाभाविक आहे आणि त्यावर वादही झाले आहेत, परंतु स्पर्धेच्या दिवशी धावपटूच्या हाती नियम बदलणे नसते.

या चुकीचे कारण बहुधा सरावात दडलेले असते. रोजच्या सरावात इशारा देणारी व्यक्ती एकच असते आणि ‘सेट’ (कंबर उचलून स्थिर राहण्याची आज्ञा) व बंदुकीचा आवाज यांमधील तिचे अंतर जवळजवळ ठरलेले असते, त्यामुळे धावपटूचे शरीर आवाज ऐकण्याऐवजी मनातल्या मनात मोजायला शिकते. मोठ्या स्पर्धेतील स्टार्टर सगळे धावपटू स्थिर होईपर्यंत थांबतो, त्यामुळे ते अंतर दर वेळी वेगळे पडते. यावर उपाय असा, की सरावात इशारा देणारी माणसे बदलावीत, अंतर मुद्दाम कमीजास्त ठेवावे आणि अधूनमधून ‘सेट’नंतर इशारा न देताच सर्वांना उठवावे. जो धावपटू अशा वेळी पुढे झेपावतो, तो आवाज ऐकत नसून अंदाज बांधत आहे, हे तिथल्या तिथे कळते.

प्रतिसाद किती जलद असावा, याविषयीही गैरसमज आहेत. ९.५८ सेकंदांच्या विश्वविक्रमाच्या वेळी, बर्लिन येथे २००९ मध्ये, बोल्टचा प्रतिसाद ०.१४६ सेकंद होता. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत नोआ लाइल्सचा प्रतिसाद ०.१७८ सेकंद होता, म्हणजे त्या रांगेतील सर्वांत संथ प्रतिसादांपैकी एक, आणि तरीही सुवर्णपदक त्यालाच मिळाले. त्या शर्यतीचा निकाल ०.००५ सेकंदाच्या फरकाने लागला हे लक्षात घेतले, तर सुरुवातीला वाचलेला प्रत्येक क्षण मोलाचा आहे, हे मान्य करावे लागते. तरीसुद्धा ०.१५ च्या आसपासचा खात्रीचा प्रतिसाद हाताशी असताना ०.११ च्या मागे लागणे माझ्या मते चुकीचे आहे, कारण त्यातून मिळणारा लाभ शतांश सेकंदांचा असतो आणि धोका संपूर्ण स्पर्धेचा.

‘सेट’ स्थितीतील हालचालींविषयीचा नियमही माहीत असावा. हात जमिनीवरून आणि पाय ब्लॉकवरून न सुटता झालेली किंचित हालचाल सहसा फॉल्स स्टार्ट ठरत नाही, पण तिच्यासाठी ताकीद मिळू शकते, आणि अशा दोन ताकिदींनंतर धावपटू बाद होतो. ब्लॉक सरकत असेल किंवा बुटाची नाडी सुटली असेल, तर ‘ऑन युअर मार्क्स’ (जागा घेण्याची आज्ञा) होण्याआधीच पंचांच्या लक्षात आणून द्यावे.

मान लवकर वर काढणे

इशारा नीट ऐकूनही पहिल्या काही पावलांत अडखळणारे धावपटू पुष्कळ असतात. शरीर पुढे झुकलेले असताना जमिनीला मागे ढकलत वेग साठवायचा असतो. शेजारच्या लेनमधील प्रतिस्पर्धी पुढे गेल्याचे जाणवताच धावपटू मान वर करतो, त्याबरोबर छाती आणि कंबर उभी होते, आणि वेग पुरता साठण्याआधीच तो सरळ उभा राहून धावू लागतो. दुसरे कारण ब्लॉकच्या मांडणीचे असते. पुढचा ब्लॉक आरंभरेषेपासून साधारण दोन तळपायांच्या लांबीवर आणि मागचा तीन तळपायांच्या लांबीवर, अशी मांडणी बहुतेकांना सुरुवातीस पुरते, पण दोन्ही ब्लॉक रेषेच्या फार जवळ आले, तर पहिल्या पावलातच शरीर वर फेकले जाते. स्वतःचे अंतर मोजून लिहून ठेवावे आणि मोठ्या स्पर्धेत ते बदलण्याचा मोह टाळावा. २०० मीटरमध्ये ब्लॉक लेनच्या बाहेरच्या कडेला, आतल्या रेषेला स्पर्श करणाऱ्या सरळ दिशेने तिरपे लावावेत, म्हणजे पहिली काही पावले सरळ पडतात.

शेवटच्या तीस मीटरमध्ये जोर लावणे

१०० मीटरमध्ये सर्वोच्च वेग साधारण ६० ते ८० मीटरच्या दरम्यान येतो आणि त्यानंतर प्रत्येकाचा वेग कमी होतो. शेवटी कुणी ‘वेगाने पुढे आला’ असे दिसते, तेव्हा बहुधा त्याचा वेग इतरांपेक्षा कमी घसरलेला असतो. हे न उमजलेला धावपटू बाजूला कुणी दिसताच आणखी जोर लावू पाहतो, त्यासरशी त्याचा जबडा आवळला जातो, खांदे वर चढतात, पाऊल शरीराच्या पुढे पडू लागते आणि प्रत्येक पाऊल ब्रेकचे काम करते. ओसाका येथे २००७ च्या जागतिक स्पर्धेत आघाडीवर असलेला असाफा पॉवेल टायसन गे जवळ येताच आखडला आणि ९.९६ सेकंदांत तिसरा आला, गेने ९.८५ सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांत पॉवेलने रिएती येथे ९.७४ सेकंदांचा विश्वविक्रम केला. इतक्या थोड्या दिवसांत शरीराची क्षमता एवढी बदलत नाही, त्यामुळे ओसाकामधील फरक तणावाचाच मानावा लागतो.

दुरुस्तीसाठी ६० मीटरनंतरचा भाग वेगळा काढून सराव करावा. तीस मीटर वेग घ्यावा, पुढचे वीस मीटर तोच वेग सैल चेहऱ्याने राखावा, आणि हे करताना शेजारी थोडा अधिक वेगवान जोडीदार मुद्दाम ठेवावा. एकट्याने केलेला सैल धावण्याचा सराव स्पर्धेत फारसा उपयोगी पडत नाही, कारण ताण निर्माण करणारी गोष्टच त्यात नसते.

अंतिम रेषेवर छाती पुढे टाकण्याबाबतही घाई नडते. निकाल धडावरून ठरतो. डोके, मान, हात आणि पाय यांची गणना होत नाही. रेषेआधी तीन-चार मीटरवरच झुकलेला धावपटू उरलेले अंतर तोल सावरत कापतो. झुकण्याची क्रिया शेवटच्या पावलाशी जुळली पाहिजे आणि धाव रेषेच्या पुढे दहा मीटरपर्यंत चालू राहिली पाहिजे.

फेऱ्यांचा हिशेब चुकणे

प्राथमिक फेरीत ताकद राखून ठेवणे योग्यच आहे, कारण १०० मीटरची उपांत्य आणि अंतिम शर्यत बहुतेकदा एकाच संध्याकाळी होते. मात्र राखून ठेवणे आणि सैल सोडणे यांत फरक आहे. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकला मोठ्या अपेक्षा घेऊन आलेला ट्रेव्हॉन ब्रोमेल प्राथमिक फेरीत चौथा आला आणि केवळ वेळेच्या आधारावर पुढे गेला. उपांत्य फेरीत त्याची आणि नायजेरियाच्या एनोक अदेगोकेची वेळ १०.०० अशी सारखीच होती, पण हजारांश सेकंदांच्या मोजणीत ब्रोमेल तिसरा ठरून बाहेर पडला. शर्यत पुरुषांची नसली, तरी त्याच ऑलिंपिकमध्ये महिलांच्या २०० मीटरच्या प्राथमिक फेरीत शेरिका जॅक्सन रेषेजवळ मंदावली आणि चौथी येऊन त्या शर्यतीतून बाहेर पडली, हे उदाहरण प्रत्येक स्प्रिंटरने ध्यानात ठेवावे. २०२३ मध्ये बुडापेस्टला गतविजेता फ्रेड कर्लीही उपांत्य फेरीतच थांबला.

याची दुसरी बाजूही आहे. टोकियोतच चीनच्या सू बिंगतियानने उपांत्य फेरीत ९.८३ सेकंदांची आशियाई विक्रमी वेळ दिली आणि अंतिम शर्यतीत तो ९.९८ सेकंदांत सहावा आला. त्याला मी चूक म्हणणार नाही, कारण अंतिम फेरी गाठण्यासाठी कधीकधी सर्वस्व ओतावेच लागते. पण ज्याच्याकडे थोडी मोकळीक आहे, त्याने आपला गट, थेट पात्र ठरणारी स्थाने आणि वेळेच्या आधारावर मिळणाऱ्या जागा शर्यतीआधी समजून घ्याव्यात, थेट पात्रतेचेच उद्दिष्ट ठेवावे आणि वेग कमी करायचाच असेल, तर दोन्ही बाजूंना पुरेसे अंतर असल्याची खात्री झाल्यावरच करावा.

वळणावर रेषा ओलांडणे

बीजिंग ऑलिंपिकमध्ये २००८ साली २०० मीटरची शर्यत दुसऱ्या क्रमांकाने संपवणारा चुरांडी मार्टिना आणि तिसरा आलेला वॉलेस स्पिअरमन, दोघेही लेनची रेषा ओलांडल्यामुळे बाद झाले आणि पदके शॉन क्रॉफर्ड व वॉल्टर डिक्स यांच्याकडे गेली. अलीकडे नियम थोडा सौम्य झाला असून वळणावर आतल्या रेषेला झालेला एक स्पर्श माफ होतो, परंतु त्याची नोंद राहते आणि त्याच स्पर्धाप्रकाराच्या पुढच्या फेरीत पुन्हा तसे घडल्यास धावपटू बाद होतो. सरावात नेहमी मधल्या लेन वापरणाऱ्यांना आतल्या लेनचे तीव्र वळण झेपत नाही. वळणाचा सराव पहिल्या आणि दुसऱ्या लेनमध्येही करावा.

रिले : सर्वांत महागडी घाई

४ × १०० मीटर रिलेमध्ये अमेरिकेच्या पुरुष संघाइतका वेग क्वचितच कुणाकडे असतो, तरी २००८ ला बीजिंगमध्ये बॅटन पडले, २०१६ ला रिओमध्ये संघ बाद झाला, २०२१ ला टोकियोत प्राथमिक फेरीतच तो संपला आणि २०२४ ला पॅरिसच्या अंतिम शर्यतीत पहिल्याच बदलात ख्रिश्चन कोलमनकडून केनी बेडनारेककडे बॅटन बदलाच्या ठरलेल्या क्षेत्राबाहेर पोहोचले. त्या शर्यतीचे सुवर्ण कॅनडाने ३७.५० सेकंदांत जिंकले. याउलट रिओमध्ये जपानच्या संघाने ३७.६० सेकंदांत रौप्यपदक मिळवले, आणि त्या चौघांपैकी एकानेही तोवर १०० मीटर १० सेकंदांच्या आत धावलेले नव्हते. त्यांनी खालून वर बॅटन देण्याची पद्धत वर्षानुवर्षे घोटवली होती.

बॅटन घेणारा लवकर सुटणे, हा रिलेतील मूळ दोष आहे. त्याने लेनमध्ये चिकटपट्टीची एक खूण केलेली असते. देणारा त्या खुणेवर पोहोचला, की घेणाऱ्याने पूर्ण जोमाने निघायचे असते. स्टेडियमच्या कोलाहलात खूण गाठली जाण्याआधीच पाय सुटतात, मग देणाऱ्याला तो सापडत नाही, घेणारा मागे वळून पाहतो, थांबतो आणि दोघांचाही वेग जातो. बदलासाठी आता ३० मीटरचे क्षेत्र मिळते आणि क्षेत्राच्या आतबाहेरचा निर्णय धावपटूंच्या पावलांवरून होत नाही, बॅटन कुठे आहे यावरून होतो. म्हणून खुणेचे अंतर ताज्या पायांच्या वेगावर न ठरवता, शंभर मीटर धावून दमलेल्या जोडीदाराच्या वेगावर ठरवावे. बदल वारंवार क्षेत्राच्या शेवटी होत असेल, तर खूण घेणाऱ्याच्या जवळ आणावी. देणारा त्याच्या अंगावर येत असेल, तर ती दूर न्यावी. एका वेळी अर्ध्या तळपायाच्या लांबीपेक्षा अधिक बदल करू नये.

आयत्या वेळी संघातील क्रम बदलणे हेही मोठ्या संघांच्या अंगलट येणारे प्रकरण आहे. उत्तम वैयक्तिक वेळ असलेला धावपटू अंतिम फेरीसाठी आत आणला जातो आणि ज्याच्याशी त्याने पुरेसा सराव केलेला नाही, त्याच्याकडून बॅटन घेण्याची वेळ त्याच्यावर येते. राखीव धावपटूंनाही दोन-तीन जोड्यांमध्ये नियमित सराव मिळाला पाहिजे. आणि बॅटन पडलेच, तर ज्याच्या हातून पडले त्यानेच ते उचलायचे असते. घाबरून दुसऱ्याने उचलल्यास संघ बाद होतो.

मैदानाबाहेरचे घड्याळ

म्युनिकमध्ये १९७२ साली एडी हार्ट आणि रे रॉबिन्सन हे अमेरिकेचे दोन अव्वल धावपटू १०० मीटरच्या दुसऱ्या फेरीला पोहोचूच शकले नाहीत, कारण प्रशिक्षकाकडे जुने वेळापत्रक होते. आजच्या स्पर्धांत आधी कॉल रूममध्ये हजर व्हावे लागते, तिथे क्रमांक, स्पाइक्स आणि पोशाख तपासले जातात आणि फोन बाहेर ठेवावा लागतो, त्यामुळे शर्यतीच्या वेळेऐवजी कॉल रूमच्या वेळेपासून उलटा हिशेब करून वॉर्म-अप आखावा. कॉल रूम आणि आरंभरेषा यांच्या दरम्यान अंग थंड पडते. तेवढ्या जागेत करता येतील असे मोजके व्यायाम आधीच ठरवलेले असावेत.

उत्तेजकद्रव्य चाचणीसाठीच्या ठावठिकाण्याची माहिती हाही याच तयारीचा भाग आहे. चाचणीसाठीच्या नोंदणीकृत गटातील धावपटूला दररोज एका तासासाठी आपण नेमके कुठे असू, हे कळवावे लागते आणि बारा महिन्यांत तीन चुका झाल्या, तर कोणतेही द्रव्य सापडलेले नसतानाही बंदी येते. दोहा येथे २०१९ मध्ये ९.७६ सेकंदांत जगज्जेता ठरलेला ख्रिश्चन कोलमन याच कारणाने टोकियो ऑलिंपिकला मुकला. प्रवासाचा बेत बदलला, मुक्काम हलला किंवा सरावाची जागा बदलली, तर निघण्यापूर्वी स्वतः नोंद दुरुस्त करावी. हे काम व्यवस्थापकावर सोपवले, तरी जबाबदारी नियमाप्रमाणे धावपटूचीच राहते.